वाढवायची की दाबायची? टी पेशींना आवरणारे संदेश आणि एक नवी गोळी

नाशिकरोडहून एका शिक्षिकाताईंचे पत्र आले आहे. त्या लिहितात: "माझे वय ५२. सहा वर्षांपासून ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, हा संधिवाताचा एक प्रकार, आहे. सकाळी उठल्यावर तास-दीड तास बोटे वळत नाहीत, खडू धरवत नाही, कणीक मळणे तर केव्हाच सुटले. मेथोट्रेक्सेट चालू आहे, रक्तदाबाचीही एक गोळी आहे. आता डॉक्टरांनी टोफासिटिनिब नावाची गोळी दिवसातून दोनदा घ्यायला सांगितली आहे. माझी मुलगी बायोटेक्नॉलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ती म्हणते, हे औषध सायटोकाइनचे संदेश अडवून टी पेशींना दाबते. इकडे सासूबाई करोनाच्या दिवसांपासून रोज सकाळी प्रतिकारशक्ती वाढावी म्हणून गुळवेलीचा काढा देतात. एका हाताने वाढवायची आणि दुसऱ्या हाताने दाबायची, हे मला पटत नाही. वर्गात चाळीस मुले आहेत, कोणी ना कोणी खोकत असते. वडिलांना पूर्वी टीबी झाला होता, तेव्हा मी त्यांच्याबरोबरच राहत होते. गोळी सुरू करू की नको? आणखी एक. मुलीच्या पुस्तकात लिहिले आहे की एकच इंटरल्युकिन-२ टी पेशींना वाढवते आणि आवरतेही. ते कसे, हे तिलाही सांगता येत नाही."

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या मुख्य प्रश्नाचे उत्तर आधी देते. या गोळीला घाबरून आजार तसाच अंगावर काढू नका. मात्र टीबीची तपासणी होईपर्यंत आणि तुमचे वय व रक्तदाब लक्षात घेऊन डॉक्टरांशी एकदा नीट बोलणे होईपर्यंत पहिली गोळी घेऊ नका. काढा मात्र आजपासून थांबवा. असे का म्हणते, हे समजण्याचा रस्ता तुमच्या मुलीने विचारलेल्या प्रश्नातूनच जातो, म्हणून उत्तराची सुरुवात तिच्यापासून करते.

"प्रतिकारशक्ती" हा शब्द आपण टाकीतल्या पाण्यासारखा वापरतो. भरली की चांगले, उतरली की वाईट. शरीरात अशी टाकी नाही. तिथे कोट्यवधी टी पेशी, म्हणजे एका प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी, आहेत, त्यांतील प्रत्येकीला ओळखता येणारी खूण वेगळी आहे, आणि बहुतेक पेशी आयुष्यभर गप्प राहून रक्तातून आणि लसिकाग्रंथींतून फिरत असतात. खूण जुळली म्हणून पेशी लगेच कामाला लागते असेही नाही. तिने वाढावे किती, कोणत्या प्रकारचे काम करावे, केव्हा थांबावे आणि केव्हा मरून जावे, हे ठरवण्यात आजूबाजूच्या पेशींनी सोडलेल्या छोट्या प्रथिनांचा, म्हणजे सायटोकाइनचा, वाटा फार मोठा असतो. तुमच्या सांध्यांत जे चालले आहे ते प्रतिकारशक्ती कमी पडल्यामुळे झालेले नाही. तिथल्या काही टी पेशींनी सांध्याच्या आतल्या अस्तरालाच परके मानले आहे, आणि त्यांना थांबवणाऱ्या संदेशांपेक्षा चिथावणाऱ्या संदेशांचा जोर अधिक झाला आहे. सकाळी तुमची बोटे वळत नाहीत, त्यामागे हा जोर आहे.

आता संदेश पोहोचतो कसा, ते जरा जवळून पाहू. सायटोकाइन पेशीच्या आत जात नाही. पेशीच्या पृष्ठभागावर त्याच्यासाठी रिसेप्टर असतात, मराठीत त्यांना ग्राही म्हणतात. इंटरल्युकिन-२ हे असेच एक सायटोकाइन; त्याचा पूर्ण रिसेप्टर तीन साखळ्यांचा असतो: अल्फा, बीटा आणि गॅमा. इंटरल्युकिन-२ येऊन बसले की या साखळ्या एकत्र येतात, आणि बीटा व गॅमा साखळ्यांच्या पेशीच्या आत लोंबणाऱ्या शेपट्याही एकमेकींजवळ येतात. या शेपट्यांना जॅक नावाची एन्झाइम्स आधीपासूनच चिकटलेली असतात; बीटाला जॅक-१ आणि गॅमाला जॅक-३. जवळ आल्यावर ती एकमेकांवर फॉस्फेटची खूण चढवतात, मग शेपटीवर चढवतात, आणि त्या खुणेवर स्टॅट-५ नावाचे प्रथिन येऊन बसते. त्यावरही फॉस्फेट चढते, दोन स्टॅट-५ जोडीने केंद्रकात शिरतात आणि ठरावीक जनुके सुरू करतात. स्टॅट-५ वर फॉस्फेट चढण्यापर्यंतचा हा सारा प्रवास काही मिनिटांतच उरकतो.

जॅक हे नाव जेनस या रोमन देवावरून आले आहे, आणि या देवाला विरुद्ध दिशांना पाहणारी दोन तोंडे आहेत. नाशिककरांना हे वेगळे समजावून सांगायला नको. गोदावरीला पाणी आले की आपण सगळे होळकर पुलावरून आधी दुतोंड्या मारुतीकडे पाहतो आणि पाणी त्याच्या गुडघ्याला लागले की कमरेला, यावरून पुराचा अंदाज बांधतो. जॅकच्या रेणूतही एकमेकांसारखे दिसणारे दोन भाग शेजारी शेजारी असतात. त्यांतला एक भाग फॉस्फेट चढवण्याचे प्रत्यक्ष काम करतो. दुसरा दिसायला तसाच असला तरी त्याचे मुख्य काम पहिल्याला आवरून धरण्याचे आहे. या दुसऱ्या भागाचे महत्त्व किती, हे २००५ मध्ये ठळकपणे समोर आले. जॅक-२ च्या नेमक्या याच भागात एका अमिनो आम्लाच्या जागी दुसरे आले की लगाम सुटतो आणि अस्थिमज्जेत तांबड्या रक्तपेशी बेसुमार तयार होऊ लागतात; पॉलिसायथेमिया व्हेरा या आजाराच्या बहुतेक रुग्णांत हाच बदल सापडतो. चालवणारा आणि आवरणारा असे दोघेही एकाच रेणूत बसलेले आहेत, हे मुलीला आवर्जून दाखवा.

आता इंटरल्युकिन-२ चे कोडे. १९७६ मध्ये हे प्रथिन प्रथम वर्णिले गेले, ते टी पेशींना वाढवणारा घटक म्हणून. प्रयोगशाळेच्या बशीत ते घातले की टी पेशी भराभर वाढत, म्हणून पुढे अनेक वर्षे सर्वांची समजूत अशी होती की हे न मिळाल्यास प्रतिकारशक्ती कोलमडेल. मग इंटरल्युकिन-२ चे जनुकच काढून टाकलेले उंदीर तयार करण्यात आले आणि अपेक्षेच्या उलट घडले. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात या उंदरांच्या आतड्यांना अल्सरेटिव्ह कोलायटिससारखा दाह झालेला दिसला. त्यांच्या टी पेशी संपल्या नव्हत्या. त्या मोकाट सुटल्या होत्या. म्हणजे वाढवणारे म्हणून ज्याची ओळख होती, तेच आवरण्यासाठीही अत्यावश्यक होते.

याचा उलगडा होण्याची वाट जपानमधून सापडली. शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये दाखवले की टी पेशींचा एक छोटा गट आपल्या अंगावर इंटरल्युकिन-२ च्या रिसेप्टरची अल्फा साखळी, म्हणजे सीडी-२५, कायम बाळगतो, आणि हा गट काढून टाकलेल्या टी पेशी उंदरांना दिल्या तर त्यांचे शरीर स्वतःच्याच अवयवांवर उठते. या नियामक टी पेशी. २००१ मध्ये मेरी ब्रंको आणि फ्रेड रॅम्सडेल यांच्या चमूने फॉक्सपी-३ हे जनुक शोधले; ते बिघडलेले नर उंदीर आणि तसाच बिघाड घेऊन जन्मलेली मुले यांना अगदी लहानपणीच स्वतःवरच उलटलेले आजार होतात; मुलांत मधुमेह, तीव्र अतिसार, त्वचेचा दाह असे. फॉक्सपी-३ शिवाय नियामक टी पेशी घडतच नाहीत, हे त्यानंतर स्पष्ट झाले. या तिघांना २०२५ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले, तेव्हा वर्गात त्यावर चर्चा झाली असेल.

नियामक पेशी स्वतः इंटरल्युकिन-२ जवळजवळ तयार करत नाहीत. त्या ते दुसऱ्यांकडून घेतात. तिन्ही साखळ्या कायम अंगावर असल्यामुळे त्यांची पकड इतकी घट्ट असते की आजूबाजूला अगदी थोडे इंटरल्युकिन-२ असले तरी ते आधी त्यांच्याकडे जाते. एखाद्या टी पेशीला चेव चढतो, ती इंटरल्युकिन-२ सोडते, आणि तेच शेजारच्या नियामक पेशीला जागे ठेवते. नियामक पेशी ते शोषून घेते, त्यामुळे बाकीच्यांना वाढायला कमी उरते. म्हणूनच मात्रा महत्त्वाची ठरते. मोठ्या मात्रेतील इंटरल्युकिन-२ ला अमेरिकेत १९९२ मध्ये पसरलेल्या मूत्रपिंडाच्या कर्करोगासाठी मान्यता मिळाली, कारण त्या मात्रेत ते हल्लेखोर पेशींपर्यंतही पोहोचते. आणि अगदी छोट्या मात्रेत तेच प्रथिन ल्युपससारख्या, प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटण्याच्या आजारांत नियामक पेशी वाढवण्यासाठी चाचण्यांमध्ये वापरून पाहिले गेले आहे. तुमच्या मुलीच्या पुस्तकातील ते वाक्य अक्षरशः खरे आहे. पुढे "कोणत्या पेशीवर आणि किती मात्रेत" एवढे शब्द जोडले की ते पूर्ण होते.

आवरणारी व्यवस्था एवढ्यावर संपत नाही. स्टॅटने केंद्रकात जाऊन सुरू केलेल्या जनुकांत सॉक्स या कुळातील प्रथिनांचीही जनुके असतात, आणि ही प्रथिने तयार होताच परत येऊन जॅकचेच काम बंद पाडतात. संदेश आपल्या शेवटाची तरतूद स्वतःबरोबरच आणतो. सॉक्स-१ नसलेले उंदीर जन्मानंतर तीन आठवड्यांच्या आत दाहाने मरतात. इंटरल्युकिन-१० हे तर प्रामुख्याने शांत करण्याचेच काम करते. त्याच्या रिसेप्टरमध्ये जन्मतः दोष असलेल्या बाळांना पहिल्या वर्षातच आतड्यांचा भयंकर दाह होतो. टीजीएफ-बीटा हे आणखी एक, त्याचा रस्ता जॅकवरून न जाता स्मॅड नावाच्या प्रथिनांवरून जातो.

आता तुमची गोळी. टोफासिटिनिब मुख्यतः जॅक-१ आणि जॅक-३ यांच्या खोबणीत जाऊन बसते आणि फॉस्फेट चढवण्याच्या कामात अडथळा आणते. इंटरल्युकिन-२, इंटरल्युकिन-६, इंटरल्युकिन-१५, इंटरफेरॉन अशा बऱ्याच संदेशांची तीव्रता त्यामुळे उतरते. टीएनएफ (दाह चिथावणारे आणखी एक सायटोकाइन), इंटरल्युकिन-१ आणि इंटरल्युकिन-१७ यांचे रिसेप्टर जॅक वापरत नाहीत, त्यामुळे त्यांचे थेट संदेश चालूच राहतात. ही अडवणूक अर्धवट आणि परतीची आहे; रक्तातील औषधाचे प्रमाण सुमारे तीन तासांत निम्म्यावर येते आणि म्हणूनच ती दिवसातून दोनदा घ्यावी लागते. जॅक-३ किंवा गॅमा साखळी जन्मतःच नसलेल्या बाळांची गोष्ट निराळी. त्यांच्यात टी पेशी तयारच होत नाहीत. अमेरिकेतील डेव्हिड व्हेटर हा मुलगा १९७१ ते १९८४ असे जवळजवळ सारे आयुष्य निर्जंतुक प्लास्टिकच्या कक्षात जगला, तो गॅमा साखळीच्या दोषामुळे. "टी पेशी दाबणारे औषध" म्हटल्यावर मनात जे चित्र उभे राहते ते त्या मुलाचे असते. गंगापूर धरणाचा विसर्ग कमी केला म्हणून गोदावरी कोरडी पडत नाही, एवढाच फरक इथे लक्षात ठेवायचा.

पण एक गोष्ट लपवण्यासारखी नाही. ही गोळी चिथावणारे संदेश आणि शांत करणारे संदेश यांत निवड करत नाही. नियामक पेशींना लागणारे इंटरल्युकिन-२ आणि शांत करणारे इंटरल्युकिन-१० यांचे रस्तेही जॅकवरूनच जातात. आर्थ्रायटिसच्या रुग्णांत एकूण जमाखर्च दाह कमी होण्याच्या बाजूने पडतो, म्हणून ते औषध आहे. जंतूंशी लढणारे काही संदेशही त्याच वेळी मंद होतात, म्हणून सावधगिरी आहे.

त्या सावधगिरीत पहिला क्रमांक टीबीचा. वडिलांच्या आजाराचा उल्लेख तुम्ही पत्राच्या शेवटी, सहज केला आहे. माझ्या दृष्टीने पत्रातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य ते आहे. टीबीचे जंतू शरीरात शिरून वर्षानुवर्षे निजून राहू शकतात आणि त्यांना कोंडून ठेवण्याचे काम टी पेशी इंटरफेरॉन-गॅमाच्या मदतीने करत असतात. त्या इंटरफेरॉनचा रिसेप्टर जॅक-१ आणि जॅक-२ वर चालतो. गोळी सुरू झाली आणि आत निजलेला टीबी असला, तर ती कोंडी सैल पडू शकते. म्हणून छातीचा एक्स-रे आणि मॅन्टू (त्वचेवरची) किंवा इग्रा (रक्ताची) यांपैकी एक तपासणी आधी झालीच पाहिजे, आणि वडिलांबद्दल डॉक्टरांना स्वतःहून सांगितले पाहिजे. निजलेला टीबी आढळला तरी दार बंद होत नाही. प्रतिबंधक औषधे साधारणपणे किमान एक महिना घेऊन मग ही गोळी सुरू करता येते. मात्र रिफॅम्पिसिन आणि रिफापेंटिन ही औषधे टोफासिटिनिबचे रक्तातील प्रमाण खूप उतरवतात, म्हणून टीबीच्या गोळ्या देणाऱ्यांना आणि सांध्यांच्या डॉक्टरांना एकमेकांची चिठ्ठी दाखवा. हिपॅटायटिस बी आणि सी यांची तपासणीही याच वेळी करून घ्या.

दुसरी गोष्ट तुमच्या वयाची आणि रक्तदाबाची. पन्नाशी ओलांडलेल्या आणि हृदयविकाराचा किमान एक धोका असलेल्या ४,३६२ रुग्णांवर झालेल्या एका मोठ्या चाचणीत टोफासिटिनिबची तुलना टीएनएफ रोखणाऱ्या इंजेक्शनांशी केली गेली. सुमारे चार वर्षांत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा हृदयविकाराने मृत्यू यांचे प्रमाण टोफासिटिनिब घेणाऱ्यांत १०० मागे ३.४ होते, तर इंजेक्शने घेणाऱ्यांत २.५, कर्करोगाचे प्रमाण अनुक्रमे ४.२ आणि २.९ होते. रक्ताच्या गुठळ्यांबाबतही इशारा आहे. २०२१ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने त्यावरून सूचना दिली की टीएनएफ रोखणारे औषध लागू पडले नाही किंवा सोसले नाही तरच ही गोळी द्यावी. आपल्याकडे इंजेक्शने महाग पडतात आणि ही गोळी त्यामानाने स्वस्तात मिळते, म्हणून पुष्कळदा ती आधी दिली जाते. यात डॉक्टरांचा दोष नाही, खिशाचा विचार त्यांनाही करावा लागतो. पण तुमचे वय ५२ आहे आणि रक्तदाबाची गोळी चालू आहे, म्हणजे त्या चाचणीतील रुग्णांच्या वर्णनात तुम्ही बसता. "माझ्यासाठी टीएनएफ रोखणारे इंजेक्शन आधी योग्य ठरेल का, आणि नसेल तर का?" हा प्रश्न तुम्ही विचारलाच पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. चांगला डॉक्टर या प्रश्नाने रागावत नाही. टीबीची तपासणी त्या इंजेक्शनांपूर्वीही लागतेच.

वर्गातल्या खोकल्याची चिंता मात्र थोडी हलकी करा. साधी सर्दी-पडशी होईल तशी होईल. जपायचे आहे ते नागिणीपासून. कांजिण्यांचा विषाणू लहानपणापासून मज्जातंतूंत दडून असतो आणि जॅक रोखणाऱ्या औषधांवर तो डोके वर काढण्याचे प्रमाण वाढते. नागिणीची निर्जीव लस आता भारतात मिळते, तिचे दोन डोस असतात. शक्य असेल तर गोळीच्या आधी पहिला तरी घ्या. फ्लूची टोचायची लस दरवर्षी घेता येईल. जिवंत विषाणूंच्या लसी मात्र गोळी चालू असताना घ्यायच्या नाहीत. ताप आला, अंगाच्या एकाच बाजूला जळजळणारे पुरळ आले, एकाच पायाला सूज आली, छातीत दुखले, धाप लागली किंवा पोटात असह्य दुखले, तर वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

आता सासूबाईंच्या काढ्याबद्दल. त्यामागचे प्रेम मला दिसते, आणि त्यांना दुखवावे असे मी मुळीच म्हणणार नाही. तुमच्या आजारात मात्र "वाढवणे" हाच शब्द धोक्याचा आहे. ज्या पेशी तुमच्या बोटांवर उठल्या आहेत त्या आधीच गरजेपेक्षा जास्त जाग्या आहेत. शिवाय २०२१ मध्ये मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली, आणि त्यांचा आजार प्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृतावर उलटल्यासारखा होता. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, वनस्पतीची नीट ओळख पटवलेली नव्हती असे म्हटले. तो वाद बाजूला ठेवला तरी तुम्ही मेथोट्रेक्सेट घेता, तिचा भार यकृतावर आहेच. त्यात ओळख न पटलेल्या वेलीची भर नको. सासूबाईंना एवढेच सांगा की डॉक्टरांनी यकृताच्या तपासण्या लावल्या आहेत आणि तोवर काढा बंद ठेवायला सांगितला आहे. सकाळी त्यांच्या हातचा चहा घ्या.

औषध शेवटी कोणतेही ठरो, मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, हे घरातील सर्वांना ठाऊक असू द्या; चुकून रोज घेतली गेल्यास ती जिवावर बेतते. टोफासिटिनिब ठरली तर सुरू करण्यापूर्वी रक्तातील पेशींची मोजणी करून घ्या. चार ते आठ आठवड्यांनी हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी आणि कोलेस्टेरॉल पुन्हा तपासा, आणि पुढे दर तीन महिन्यांनी रक्तपेशींची मोजणी चालू ठेवा. त्या अहवालात लिम्फोसाइट असा एक आकडा असतो. टी पेशी त्यातच मोजल्या जातात. मुलीला तो दर वेळी एका वहीत उतरवून ठेवायला सांगा, आणि त्याच्या शेजारी सकाळी बोटे किती मिनिटांनी वळली, तेही लिहा. पुढच्या भेटीत ती वही तुमच्या डॉक्टरांना माझ्या या पत्रापेक्षा अधिक उपयोगी पडेल.